एतवाची मूठ

"डब्याला विचारा गं कुणीतरी," सोमारी सरदारनी चहाच्या झुडपांच्या पलीकडून ओरडली, "आज एवढा उशीर कुठं केला त्यानं?"

डबा बिचारा काय सांगणार. तो एतवा मुंडाच्या खांद्यावरच्या बांबूला लटकून डुलत होता. दुसऱ्या टोकाला त्याचा जुळा भाऊ. दोन्ही काठोकाठ काळ्या चहाने भरलेले, तोंडावर केळीचं पान बांधलेलं. एतवाने बांबू उतरवला, गमछ्याने मान पुसली आणि डब्याकडेच बघत म्हणाला, "सांग रे डब्या सरदारनीला. वाटेत हत्ती आडवा झोपला होता. त्याची झोप मोडायची म्हणजे पाप."

"काल तर हत्ती उभा होता," शनिचरीने टोला हाणला.

"उभा राहून राहून दमला, म्हणून तर आज झोपला."

चाळीस बायका खिदळल्या. सरदारनी, म्हणजे त्यांची मुकादम, हसली नाही. सरदारनीने हसायचं नसतं, आणि एतवाच्या विनोदावर तर मुळीच नाही. ती त्याच्या मेलेल्या बायकोची, बिरसीची, थोरली बहीण. बायकोची थोरली बहीण म्हणजे सासूच्या जागी. तिचं नाव घ्यायचं नाही, तिच्या चटईवर बसायचं नाही, अंगाला अंग लागू द्यायचं नाही. सरळ बोलायचंही नाही, मधे कुणीतरी लागतं. कुणी नसलं तर डबा चालतो. एतवा तिचा पेला भरून जमिनीवर ठेवायचा, दोन पावलं मागे व्हायचा, मग ती उचलायची. सत्तावीस वर्षं हे असं बिनबोभाट चाललं होतं.

बाकी दुनियेशी मात्र एतवाचं थट्टेचं नातं होतं. चहाच्या बागानात नवा छोटा साहेब आला, तेव्हा एतवाने त्याला गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं की बिबट्याला माणसाची ओळख पटली की तो वाट सोडतो. साहेब पुढे आठ दिवस झुडपांतून स्वतःचं नाव मोठ्याने पुकारत फिरत होता. साहेबाचं नावही चांगलं लांबलचक. दुपारी ते नाव सगळ्या उतारावर घुमायचं आणि पत्ती खुडणाऱ्या बायका पदर तोंडात कोंबून खाली बसायच्या.

असा हा एतवा. हुद्दा पानीवाला. पहाटे गोदामामागच्या चुलीवर पाणी चढवायचं, खालच्या प्रतीची भुकटी त्यात उकळायची, मीठ टाकायचं, आणि ऊन तापायच्या आत खुडणाऱ्या बायकांपर्यंत डबे न्यायचे. आसामच्या बागानात मजूर चहा गोड पीत नाही, खारट पितो. दूध नाही, साखर नाही. आज्याने असाच प्यायला, बापाने असाच प्यायला. घामातून मीठ जातं, ते चहातून परत आलं पाहिजे, नाहीतर बारा वाजता पाय लटपटतात, अशी सगळ्यांची पक्की समजूत. कुणाचा चहा किती चांगला हे मिठावर ठरायचं. आणि एतवाची मूठ म्हणजे मजूरवस्तीच्या दूरदूरच्या लाइनीत नावाजलेली. डब्याला एक मूठ. ती मूठ तो अशी उंच उचलायचा की वाटावं हा आता मंत्र म्हणणार.

बिरसीला तर एक मूठही पुरायची नाही. ती डोळ्याने खुणवायची आणि तो तिच्या पेल्यात वरून एक चिमटी टाकायचा. चारचौघांत नवऱ्याने बायकोचे एवढे लाड करायची तेवढी एकच जागा होती.

मागच्या अगहनात, म्हणजे मार्गशीर्षात, चौदा नंबरच्या मळ्यात, चहा पिता पिता बिरसीने डोक्याला हात लावला. पेला सांडू नये म्हणून नीट खाली ठेवला आणि स्वतः त्याच्या शेजारी आडवी झाली. इस्पितळात न्यायला ट्रॅक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

माघात बागानच्या इस्पितळात नवी सिस्टर आली, निरुपमा बाईदेव, म्हणजे निरुपमाताई. तिने सगळ्या बायकांना व्हरांड्यात रांगेत बसवून दंडाला पट्टे बांधले. शिबिराला चहा पुरवायचं काम अर्थातच एतवाचं. त्याने बाईदेवला मोठ्या मानाने पहिला पेला दिला. तिने एक घोट घेतला, गिळला, आणि थोडा वेळ खांबाला धरून उभी राहिली.

"एतवादा, हा चहा आहे की लोणच्याचं पाणी?"

एतवाला ती स्तुती वाटली. तो हसला. मग बाईदेवने त्याला बाकावर बसवलं आणि वही उघडली. चाळीसपैकी तेवीस जणींचं प्रेशर चढलेलं. सगळ्यांत वर सोमारी सरदारनी, दोनशेला टेकलेली. बाईदेव म्हणाली, काळा चहा काही वैरी नाही. दूधसाखरेवाचूनचा काळा चहा माणसाला तरतरी देतो, प्रमाणात घेतला तर हृदयालाही बरा. वैरी त्यातलं मीठ. घामातून जातं तेवढं मीठ भाजीभाकरीतून परत येतंच, वरून ही मूठ कशाला? मग तिने समोर बसलेल्या करमीच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढून दाखवली. आतून पांढरी फटक. करमीला पाचवा महिना होता. ही दुसरी गोष्ट, बाईदेव म्हणाली. तुम्ही भाकरीबरोबर चहा पिता. भाकरीत, भाजीत जे लोह असतं ते चहा अंगाला लागू देत नाही. आधी खा. मग तासभर थांबा. मग प्या. आणि उकळता ओतू नका घशात, रिकाम्या पोटी तर नकोच.

एतवा सगळं ऐकत होता, पण त्याचा मेंदू एका जागी अडकला होता. त्याने विचारलं, "बाईदेव, बिरसीचं किती होतं? जुन्या वहीत असेल."

बाईदेवने जुनी वही काढली. पान सापडलं. तिने ते वाचलं आणि वही मिटून ठेवली.

त्या दिवशी घरी जाताना त्याने वाटेत कुणाची थट्टा केली नाही. लोकांना वाटलं ताप आलाय.

बाईदेवने बायकांना मीठ सोडा म्हणून सांगून पाहिलं. बायकांनी माना डोलावल्या आणि घरून मिठाची पुडी बांधून आणायला लागल्या. सोमारीला गोळ्या दिल्या, तर तिने त्या विरघळवून दारातल्या सुपारीच्या रोपाला घातल्या. रोप मात्र तरारून आलं. ती सगळ्यांना दाखवायची, बघा, औषध चांगलं आहे.

म्हणजे सांगून उपयोग नाही. मग एतवाने त्याला जे उत्तम येत होतं ते करायचं ठरवलं. फसवायचं.

फागुनात पत्ती फुटली, खुडणी सुरू झाली, आणि एतवाची मूठ पूर्वीसारखीच उंच उठायला लागली. बघणाऱ्याला तेवढीच गच्च दिसायची. आतून मात्र तिला गळती लागली होती. दर आठवड्याला एक चिमटी कमी. एकदम नाही, जीभ चोरासारखी जागी असते. एक चिमटी काढली की तिच्या जागी थोडं आलं, कधी लिंबाची पानं, कधी चार मिरे. बायका म्हणायच्या, आज वास छान येतोय. एतवा म्हणायचा, वासाचं काय, हात कुणाचा आहे.

दुसरी चोरी वेळेची. अकराला बायका भाकरी सोडायच्या, आणि पानीवाला नेमका तेव्हा गायब. बारा वाजता उगवायचा. कधी डबा गळला, कधी पूल वाहून गेला, कधी साहेबाच्या कुत्र्याने चुलीतलं लाकूड पळवलं. हत्ती तर त्याने एवढे वापरले की सगळ्या आसामचे हत्ती मिळून पुरले नसते. शिव्या खाल्ल्या, पण तोवर भाकरी पोटात जाऊन तास झालेला असायचा. डबे येईपर्यंत कोमटही झालेले असायचे. करमी लोहाच्या गोळ्या मात्र इमानाने घेत होती. जेठात बाईदेवने तिची पापणी ओढली तेव्हा आत थोडी लाली होती. एतवा खिडकीतून बघत होता. त्या दिवशी दोन हत्ती जास्तीचे झाले.

फसवणुकीची मजा ती उघडी पडते तेव्हा येते. एतवाने आयुष्यात जेवढ्या खोड्या काढल्या, त्यांच्या शेवटी तो स्वतः सगळ्यांत मोठ्याने हसला होता. ही पहिली खोडी अशी, की हसायची सोय नव्हती. सांगितलं की दुसऱ्या दिवशी चाळीस पुड्या हजर. वर, का केलंस असं कुणी विचारलं तर बिरसीचं नाव घ्यावं लागणार. ते त्याच्याच्याने होणार नव्हतं.

सावनपर्यंत मूठ अर्ध्यावर आली, भादोत पाव. आणि बायका कुरकुरायला लागल्या. मीठ कमी झालंय असं कुणाच्या डोक्यात येईना, कारण मूठ तर समोर उठत होती. त्यांनी दुसरंच निदान केलं. बायको गेल्यापासून एतवाचा हात गेला. म्हातारा झाला. वेळेवर येत नाही, चहाला चव नाही, नुसती बडबड. आधी त्या हे हळू आवाजात म्हणायच्या, मग त्याच्या तोंडावर म्हणायला लागल्या. शनिचरी म्हणाली, दादा, तू आता नर्सरीत रोपं राखायला बस, तिथं चव लागत नाही. सगळ्या हसल्या. एतवाही हसला. चहा ओतताना त्याचा हात मात्र थोडा हलला आणि शनिचरीच्या पायावर थेंब पडला. तिने लगेच सगळ्यांना तो हात दाखवला.

शेवटी सोमारी सरदारनी बायकांना घेऊन हजेरीबाबूकडे, बरुआबाबूकडे गेली. पानीवाला बदला. नऊ नंबर लाइनीतला लोद्रो तयार होता. लोद्रोचा हात मिठाला फार सढळ, हीच त्याची शिफारस.

एतवाला हे कळलं तेव्हा तो चुलीपुढे बसला होता. नोकरी गेली असती तर नर्सरीत काम होतंच. नाव गेलं होतं, तेही त्याने गिळलं असतं. पण लोद्रो आला की पहिल्याच दिवशी अख्खी मूठ परत, सात महिने पाण्यात, आणि ती दोनशेवाली बाई त्यातले तीन पेले पिणार. सांगितलं तर पुड्या, न सांगितलं तर लोद्रो. एतवाने डोकं खाजवलं, पण एकही हत्ती उपयोगाला येईना.

बरुआबाबू मोठा समतोल माणूस. त्याला कुणाशीच वाकडं नको होतं. तो म्हणाला, सोमवारी वजनाच्या वेळी सगळ्यांसमोर चहा होऊ दे. जुन्या मापाने, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बिघडला तर लोद्रो.

सोमवारी वजनकाट्याजवळच्या शिरीषाखाली चूल मांडली. बायका टोपल्या उतरवून गोल बसल्या. पाणी उकळलं, भुकटी पडली, रंग चढला. एतवाने मिठाच्या पिशवीत हात घातला, तोच सोमारी उठली.

"पानीवाल्याला सांगा, बाजूला हो," ती म्हणाली. "मीठ मी टाकणार."

एतवा बाजूला झाला. ती जवळ आली की त्याला व्हावंच लागायचं. सोमारीने दोन्ही डब्यांत भरभक्कम मूठ टाकली आणि सरदारनी आहे म्हणून वरून आणखी अर्धी. पळीने ढवळलं. पेले भरले. चाळीस जणींनी एकदम घोट घेतला.

आणि चाळीस जणींनी एकदम थुंकला.

पाठीशी तान्हं बांधलेल्या करमीला ठसका लागला. शनिचरीने जीभ बाहेर काढून पदराने पुसली आणि विचारलं, सरदारनीने यात सुकी मासळी तर नाही ना उकळली. एक म्हातारी सरळ उठून नळाकडे गेली. बरुआबाबूने न पिताच पेला खाली ठेवला. कुणाला काही कळेना. मूठ तीच, मीठ तेच, बाई तर सगळ्यांत भरवशाची, आणि चहा तोंडात धरवत नाही.

सोमारी मात्र थुंकली नाही. मीठ तिने टाकलं होतं. ती ताठ उभी राहून पीत होती. एक घोट, दुसरा घोट, चेहऱ्यावर रेघ नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं तरी पेला खाली येईना. तिच्या कानशिलावरची शीर फुगलेली एतवाला चार हातांवरून दिसत होती. तिसऱ्या घोटाला त्याने पाऊल टाकलं आणि तिच्या हातातला पेला फटकन उडवला.

पेला घरंगळत काट्याखाली गेला. चहा तिच्या लुगड्यावर, त्याच्या हातावर. आणि त्याचा हात तिच्या मनगटाला लागला होता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. चुलीतला ओला फाटा चरचरला.

"सोमारी," एतवा म्हणाला.

नावही घेतलं.

"सत्तावीस वर्षं मी मीठ टाकलं. बिरसीच्या पेल्यात वरून टाकलं, तिला आवडायचं म्हणून. फागुनापासून तुमच्या पेल्यातलं एकेक चिमटी काढत आलोय. तुम्हाला कळलंसुद्धा नाही. आता तू एका सकाळी सगळं परत टाकू नको."

सोमारी त्याच्याकडे बघत नव्हती, समोरच्या झुडपाच्या शेंड्याकडे बघत होती.

"तिनं माझ्याकडे मागितलं असतं," ती म्हणाली, "तर मीही टाकलं असतं."

मग ती बायकांकडे वळली. "बसलात काय? तोंडं धुवा आणि रांगेला लागा. वजन व्हायचंय." बरुआबाबूला तिने एवढंच सांगितलं की लोद्रोला कळवा, येऊ नको.

पण शिवाशीव झाली होती आणि नाव घेतलं होतं, ते असं सुटत नाही. लाइनीतल्या पाहनबाबांनी, म्हणजे पुजाऱ्यांनी, दोघांना बोलावलं. एतवाने कोंबडा द्यायचा, सोमारीने हंडिया, म्हणजे तांदळाची दारू, घालायची, दोघांवर आंब्याच्या पानाने पाणी शिंपडायचं, आणि सात दिवस एकमेकांच्या समोर यायचं नाही. कोंबडा आणि हंडिया अर्थातच पाहनबाबांसकट सगळ्या लाइनीने संपवली. शनिचरी म्हणाली, दादा, असा गुन्हा महिन्यातून एकदा तरी करत जा. सात दिवस एतवा डबे झाडाखाली ठेवून लांब जाऊन बसायचा. चहात चिमूटभर मीठ, आणि बायका मुकाट पीत होत्या. भाकरी आधी, चहा मागाहून, हे आता सरदारनीच बघत होती. कुणी लवकर हात लांबवला की तिची छडी झुडपावर वाजायची.

आठव्या दिवशी सोमारी आपल्या पायाने इस्पितळात गेली. पाठीमागे सगळ्या बायकांचा लोंढा. एतवा व्हरांड्याच्या टोकाला तोंड फिरवून उभा. बाईदेवने पट्टा बांधला, फुगवला, कान लावला.

"एकशे अडुसष्ट," ती म्हणाली. "पुष्कळ उतरलंय. पण गोळी घ्यावीच लागेल, मावशी. सुपारीला नाही, तुम्हाला."

सोमारीने मान हलवली. दंडावरचा पट्टा सोडवत तिने विचारलं, "आणि पानीवाल्याचं किती?"

कुणी मोजलंच नव्हतं. शिबिराच्या दिवशी तो चहा वाढत होता.

एतवा म्हणाला, आपला दंड बांबूचा आहे, त्याला पट्टा लागत नाही. मग म्हणाला, चूल पेटवायची राहिलीय. मग हत्तीचं काढणार होता. सोमारी बाईदेवला म्हणाली, त्याला सांगा, बस. तो बसला. बाईदेवने एक दंड मोजला. मग दुसरा मोजला.

"एकशे नव्वद. एतवादा, तुम्ही किती मीठ घेता?"

एतवाने जमिनीकडे बघितलं. "दुसऱ्याची जीभ फसवता येते बाईदेव. माझीला सगळं आधीच ठाऊक असायचं. तिला दर घोटाला कळायचं काय काढलंय ते. मी माझ्या पेल्यात वरून टाकायचो. जुन्या मापानं."

बायका हसतील असं त्याला वाटलं होतं. कुणी हसलं नाही. शनिचरीसुद्धा.

दुसऱ्या सकाळी तो गोदामामागे आला तेव्हा चुलीवर आधण चढलेलं होतं. करमीची सासू लाकडं सारत होती. शनिचरी आणि आणखी एकजण बांबूला डबे अडकवत होत्या. मिठाची पिशवी सोमारीच्या कमरेला होती. दोघींनी बांबू खांद्यावर घेतला, पहिल्यांदा जरा हेलकावल्या, चहा सांडला, एकमेकींना शिव्या दिल्या आणि पावलात पाऊल घालून चढाला लागल्या.

एतवा मागून चालत होता. हातांचं काय करायचं ते त्याला सुचेना. त्याने ते पाठीमागे बांधले, मग सोडले, मग गमछ्यात गुंडाळले. उतारावर धुकं होतं आणि बायकांची डोकी त्यातून पुढे पुढे जात होती. त्याचा उजवा खांदा सत्तावीस वर्षांच्या सवयीने खाली झुकलेला होता, जणू बांबू अजून तिथेच आहे. वळणावर सोमारी थांबली. तो जवळ येऊन नेहमीच्या दोन पावलांच्या अंतरावर उभा राहीपर्यंत थांबली. मग चालायला लागली. चढ सरेपर्यंत तिने आपली चाल त्याच्याइतकीच ठेवली.